लोकर धुण्यापासून

नुरिपाबाईंनी एकतीस वर्षं बिश्केकमधल्या लोकांचे दात काढले. समोरच्याने तोंड कधी उघडायचं आणि कधी मिटायचं हे त्या नुसत्या बोटाच्या खुणेने सांगत. स्वतःचं तोंड मात्र त्यांना ऐन वेळी मिटता येत नसे, आणि हे दुखणं खुद्द दंतवैद्याला जडलं तर त्याने जायचं कुणाकडे?

त्या वसंतात नारीनच्या डोंगरातून वरपक्षाच्या सहा बायका आल्या होत्या, नुरिपाबाईंच्या मुलीच्या, चोलपोनच्या कानांत कर्णफुलं घालायला. एकदा ती घातली की मुलीचं लग्न ठरलं, मग उरतो तो फक्त रुखवताचा विषय. कणकेचे तळलेले बोरसोक खाऊन झाले, मटण झालं, चहाच्या चौथ्या वाटीला विहीणबाई काल्बुबू यांनी तो विषय काढला. बाई अंगाने भक्कम, वाऱ्याने भाजलेले लाल गाल, आणि तळहात असे की त्यांनी चाळीस शिर्डाक केलेत हे कुणी सांगायची गरज नव्हती. शिर्डाक म्हणजे दोन रंगांचे नमदे, म्हणजे लोकर दाबून केलेले थर, कापून, एकात दुसऱ्याची शिंगांची नक्षी बसवून शिवलेली जाड बैठक. ती रुखवतात नसेल तर नारीनकडे मुलीचं लग्न झालं असं कुणी धरत नाही.

“पण तुम्ही पडलात शहरातल्या,” काल्बुबू मायेने म्हणाल्या. “तुम्हाला कुठे जमायचं ते. बाजारातला चालेल.”

माणसाला कुणी वाईट म्हटलं तर एक वेळ सोसतं, ‘चालेल’ म्हटलेलं सोसत नाही. नुरिपाबाईंच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

“बाजारातला कशाला? मी स्वतः करणार आहे.”

“स्वतः?”

“लोकर धुण्यापासून,” नुरिपाबाई म्हणाल्या.

त्यांचे यजमान शारशेन यांच्या हातातला साखरेचा खडा चहात पडला. आयुष्यभर कालवे बांधलेले ते इंजिनियर. पाणी कुठून सुटलं की कुठवर जाणार हे त्यांना चटकन दिसत असे.

आता नुरिपाबाईंना लोकरीतलं अगदीच काही कळत नव्हतं असं नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी छंदवर्गात नाव घातलं होतं आणि सुईने लोकर टोचून टोचून छोट्या वस्तू करायला त्या शिकल्या होत्या. फक्त एकतीस वर्षांची सवय हातातून जात नव्हती. त्यांनी केलेलं कोकरू अक्कलदाढेसारखं दिसे, उंट दोन मुळांच्या दाढेसारखा. चोलपोन त्यांचं फूल कोटाला लावून बँकेत गेली तर साहेबांनी तिला विचारलं की टूथपेस्टच्या कंपनीत चाललीस का. पण सुईने टोचलेलं कोकरू वेगळं आणि दोन पुरुष आडवे झोपतील एवढा शिर्डाक वेगळा. ही पोहता येतं म्हणून समुद्र उपसायला निघालेल्या माणसाची गोष्ट झाली.

“आई, कोण बघणार आहे?” चोलपोन म्हणाली. “मी तिथे चार दिवस राहणार आणि परत बिश्केकलाच येणार.”

“चार दिवसांत चाळीस बायका बघतात,” नुरिपाबाई म्हणाल्या.

आणि ते खरंच होतं. लग्नाच्या दिवशी रुखवत गावातल्या बायकांसमोर उघडतात. एकेक वस्तू उलटीसुलटी करून बघतात, टाके तपासतात, आणि त्या दिवशी जे बोललं जाईल ते सुनेला जन्मभर चिकटतं. आधी बाजारातला चालला असता. आता बाजारातला दिला तर पोरीची आई खोटारडी ठरणार, आणि पोर त्या गावात ‘खोटारडीची मुलगी’ म्हणून वावरणार. नुरिपाबाईंना रुखवताची नव्हे, ह्या गोष्टीची भीती वाटत होती. ती कुणाला दिसू नये म्हणून त्या नेहमीपेक्षा ताठ चालू लागल्या.

लोकर आणून दिली चौथ्या मजल्यावरच्या ओमुर्झाक-बाइकेंनी. बाइके म्हणजे दादा; हे निवृत्त पशुवैद्य, मूळ तालासचे, आणि तालासची मेंढी सोडली तर जगातली बाकीची सगळी जनावरं त्यांच्या मते शेळ्याच. त्यांनी पाच गोण्या जिन्यातून वर चढवल्या. गोण्यांतून लोकर निघाली, काटे निघाले, लेंड्या निघाल्या, एका गोणीतून कुणाची तरी तपकिरीची डबीसुद्धा निघाली. शेजारच्या बायका ताबडतोब सल्ला द्यायला जमल्या. एक म्हणाली लोकर शरद ऋतूतली हवी, वसंतातली जाड असते. दुसरी म्हणाली तिच्या आजीने सगळं वसंतातल्या लोकरीवरच केलं आणि आजी त्र्याण्णव वर्षं जगली. ह्या दोन गोष्टींचा संबंध कुणी विचारला नाही. कढत पाण्यात धुऊ नका एवढं मात्र कुणीच सांगितलं नाही, कारण हे सांगावं लागेल असं कुठल्याही किरगिझ बाईच्या स्वप्नातही आलं नसतं.

नुरिपाबाईंचा निर्जंतुकीकरणावर फार विश्वास. त्यांनी न्हाणीघरातल्या टबात कढत पाणी सोडलं, साबण ओतला आणि लाकडी काठीने लोकर अशी ढवळली की एक जंतू जिवंत राहू नये. मग टबाचं बूच काढलं. कढत पाणी, साबण आणि ढवळणं ह्या तीन गोष्टींनी लोकरीचा नमदा होतो हे शास्त्र आहे, आणि शास्त्र नळीच्या आतसुद्धा लागू पडतं.

दुसऱ्या दिवशी खालच्या तीन मजल्यांवरची पाणी जाणारी भोकं उलट्या दिशेने काम करू लागली. पहिल्या मजल्यावरच्या झिनाईदा पावलोव्ना ह्या इमारतीच्या अध्यक्ष. त्यांच्या टबात करडं पाणी वर आलं आणि त्यावर एक काटा तरंगत होता. तो काटा त्यांनी बशीत घालून वर आणला आणि नुरिपाबाईंपुढे धरला. शारशेन म्हणाले, मी बघतो. ज्यांनी तीन जिल्ह्यांचं पाणी वळवलं ते चार दिवस एका नळीपुढे उकिडवे बसून होते. शेवटी त्यांनी तारेच्या आकड्याने ओढून जे बाहेर काढलं तो हातभर लांबीचा, गोल, घट्ट, एकसारख्या जाडीचा नमदा होता. ओमुर्झाक-बाइकेंनी तो दाबून पाहिला आणि कबूल केलं की अशी घट्ट वस्तू त्यांनी तालासलाही पाहिली नाही. पुढच्या सगळ्या उन्हाळ्यात नुरिपाबाईंच्या हातून इतका चांगला नमदा पुन्हा झाला नाही, हे इथेच सांगून टाकलेलं बरं.

पण तक्रार वर गेली होती. पाणीखात्याच्या कचेरीतून कागद आला की सदर सदनिकेत कोणता उद्योग चालतो ते कळवावं. नुरिपाबाई चांगला कोट घालून गेल्या. अर्जात एक रकाना होता: राहत्या जागेत पाळलेल्या जनावरांची संख्या. त्यांनी शून्य लिहिलं. खिडकीमागच्या बाईने शून्याकडे बघितलं, मग नुरिपाबाईंकडे बघितलं.

“शून्य जनावरांची पाच गोण्या लोकर?”

“लोकर आणलेली आहे. मी छंद म्हणून करते.”

“छंदाला रकाना नाही,” बाई म्हणाली. “जनावरं नाहीत ह्याचा पशुवैद्याचा दाखला आणा.”

हा अपमान मोठा होता. ज्या बाईपुढे मंत्र्यांनी तोंड वासलं होतं तिने घरात मेंढ्या नाहीत हे सिद्ध करायचं. ओमुर्झाक-बाइकेंनी मात्र निवृत्तीनंतर पहिल्यांदाच दाखला लिहायचा म्हणून चष्मा पुसला, टाय बांधला आणि प्रत्यक्ष पाहणी केली. दाखल्यात लिहिलं की सदर सदनिकेत तीन प्रौढ राहतात, तिघांचीही तपासणी केली, पैकी कुणालाही लोकर येत नाही. कचेरीने त्यावर दोन शिक्के मारले. शारशेननी तो कागद जपून ठेवला आहे आणि पाहुण्यांना तो दाखवतात.

झिनाईदा पावलोव्नांनी फर्मान काढलं की यापुढे लोकरीचं जे काय ते अंगणात. नुरिपाबाई म्हणाल्या, अंगणात तर अंगणात. त्या सकाळी एकट्या खाली उतरल्या, विलोच्या दोन काठ्या घेऊन लोकर झोडपायला बसल्या, आणि तासाभरात आपण एकट्या नाही हे त्यांच्या लक्षात आलं. आमच्यात कुणी नमदा लाटायला बसलं की येणाऱ्याला बोलवावं लागत नाही. ह्याला आशार म्हणतात. लोक काम करतात, घरधनिणीने खायला घालायचं. वाईट एवढंच की आलेल्या माणसाला जा म्हणता येत नाही आणि त्याचा सल्ला नको म्हणता येत नाही. नऊ मजल्यांवरून नऊ तऱ्हांच्या नमदा करणाऱ्या बायका उतरल्या. बोरूच्या चटईवर लोकर पसरताना इस्सिक-कुलवालीने उभी पसरली, ओशवालीने आडवी, आणि मधे दोघींची हद्द ठरेना म्हणून तिथे दुप्पट पडली. शारशेन वर स्वयंपाकघरात बोरसोक तळत होते आणि खिडकीतून खाली बघत नव्हते.

कढत पाणी शिंपडून चटईची गुंडाळी केली, दोर बांधला, आणि बायका ओळीने ती लाथांनी पुढे ढकलू लागल्या. झिनाईदा पावलोव्ना आवाजाची तक्रार घेऊन आल्या, थोडा वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या की तुम्ही सगळ्या चुकीच्या पायाने मारताय. त्या रबरी बूट घालून आल्या आणि दोन तास त्यांच्याइतकी सणसणीत लाथ कुणाची बसली नाही. कदाचित त्या काट्याची आठवण ताजी असावी.

दुपारी बायका थकल्या तेव्हा ओमुर्झाक-बाइके म्हणाले की तालासला ही गुंडाळी घोड्यामागे ओढतात. घोडा नव्हता, पण त्यांची गाडी होती. दोर मागे बांधला आणि ते अंगणाला फेऱ्या घालू लागले. चौथ्या फेरीला त्यांना वाटलं की अंगण लहान पडतंय. वाहतूक पोलिसाने त्यांना दोन चौक पलीकडे अडवलं आणि मागे काय आहे ते विचारलं. बाइके म्हणाले, शिर्डाक. पोलीस म्हणाला, चाकं नाहीत पण रस्त्यावर चालतंय म्हणजे ट्रेलर, नोंदणी दाखवा. मग गुंडाळीच्या एका टोकाला वाकून त्याने हात लावला आणि त्याचा चेहरा बदलला. त्याची आई कोचकोरची, आणि कोचकोरला घरोघर नमदे होतात. “बाइके, ह्या बाजूला नीट लाटलं गेलं नाही,” तो म्हणाला आणि पाव तास त्याने रस्त्याच्या कडेला लाथा मारून दिल्या. तरी ते टोक पातळच राहिलं. दुसरा नमदा मात्र ठीक झाला, कारण त्या दिवशी बाइकेंची गाडी दुरुस्तीला होती.

एक नमदा नुरिपाबाईंनी मोठ्या कढईत उकळून लाल रंगवला. दुसरा पांढरा ठेवायचा होता, मग त्याला कशाला उकळायचं? त्यांनी तो तसाच घेतला. दोन्ही एकावर एक ठेवून, टाचून, एकाच कापात शिंगं कापली. हे काम त्यांनी असं केलं की बघायला आलेल्या बायका सल्ला द्यायचं विसरल्या. ह्या हाताला धार कळत होती. लालातली शिंगं पांढऱ्यात नेमकी बसली, केसाचीसुद्धा फट राहिली नाही. मग जूनचा शेवट, जुलै, ऑगस्ट त्या शिवत होत्या. बोटांना भोकं पडली, चष्म्याचा नंबर वाढला. चोलपोन बँकेतून आली की समोरच्या कडेला बसून टाके घाली. त्या वेळी नुरिपाबाईंना वाटायचं की पोरगी आता थोडेच दिवस अशी समोर बसणार, आणि त्या सुई आणखी जोरात ओढायच्या.

सप्टेंबरात शिर्डाक पुरा झाला. सपाट, लाल-पांढरा, देखणा. शारशेनसुद्धा म्हणाले, छान झालाय. तिथे थांबायला हवं होतं. पण नुरिपाबाईंना त्यावर एक डाग दिसला, आणि डाग दिसल्यावर त्या थांबणाऱ्या नव्हेत. त्यांनी ओलं कढत फडकं घेऊन सगळा शिर्डाक पुसून काढला आणि उन्हात टाकला. लाल नमदा कढईत आधीच आटून बसला होता. पांढरा त्या दिवशी पहिल्यांदा आटला. पांढऱ्याने चारी बाजूंनी लालाला आवळलं, लालाला जायला जागा नव्हती, म्हणून तो वर आला. संध्याकाळी नुरिपाबाईंच्या शिर्डाकवर चार टेकड्या उभ्या होत्या.

त्या रात्री त्या कात्री घेऊन बसल्या. त्यांनी उसवलं, पुन्हा कापलं, पुन्हा शिवलं. दोन टेकड्या बसल्या. तिसरीला त्यांनी शब्दकोशाचे पाच खंड ठेवून आठ दिवस दाबलं, तेव्हा ती बसली. चौथी बसेना. लग्न उद्यावर आलं होतं.

“अहो, बांधा,” त्या म्हणाल्या. “जसा आहे तसा जाईल.”

शारशेननी तो दोरीने बांधला. मनातलं ते बोलले दुसऱ्या दिवशी दोलोनच्या घाटात, गाडी थांबवून चहा घेताना. त्यांच्याने पोटात ठेवणं होईना. त्यांनी बाजारातून एक शिर्डाक आणला होता आणि मागे सामानात, चादरींच्या खाली ठेवला होता.

“बघ, मी काही म्हणत नाही,” ते म्हणाले. “दोन्ही आहेत. तुला वाटेल तो उघड. पोरीला त्या बायकांत राहायचंय, नुरिपा. आपल्याला नाही.”

हे इतकं खरं होतं की नुरिपाबाईंना रागावताही येईना. त्यांनी चहा रस्त्यावर ओतला आणि गाडीत बसल्या.

गावात पोचल्यावर कोणता गाडीतून काढायचा आणि कोणता ठेवायचा हे ठरवायला त्यांना सवडच मिळाली नाही. घरातल्या सुना धावत आल्या आणि रिवाजाप्रमाणे सगळी गाठोडी उचलून आत घेऊन गेल्या. मोठ्या खोलीत बायका भिंतीला लागून बसल्या होत्या. एका कोपऱ्यात पडदा, पडद्यामागे नवी नवरी, वरपक्षाच्या गाडीतून आधीच आलेली चोलपोन. तिने आज कुणासमोर यायचं नाही आणि आवाज काढायचा नाही. पण ऐकू तर येतं.

चादरी निघाल्या, गाद्या निघाल्या, आणि मग कुणीतरी शिर्डाक उलगडला. बाजारातला. तो सरळ रेषेत पडला, एक सुरकुती नाही. बायकांमध्ये कौतुकाची कुजबुज झाली. काल्बुबू वाकल्या, त्यांनी टाक्यांवरून अंगठा फिरवला.

“हा तुम्ही केलात?” त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. त्या खरंच चकित झाल्या होत्या.

नुसती मान हलवायची होती. शारशेन दारात उभे राहून छताच्या तुळया मोजत होते. नुरिपाबाईंनी पडद्याकडे पाहिलं. तीन महिने समोरच्या कडेला बसून ज्या पोरीने टाके घातले, ती आता आई काय म्हणते ते ऐकत होती.

“नाही,” त्या म्हणाल्या. “हा बाजारातला. मी केलेला तो, दोरीने बांधलेला.”

दोरी सोडली. पातळ टोक आधी बाहेर आलं, मग नक्षी, मग ती टेकडी. एका सुनेने पायाच्या अंगठ्याने टेकडी हळूच दाबली. ती खाली गेली आणि पाय काढताच वर आली.

तेव्हा काल्बुबूंच्या सासू, नव्वदीच्या बुर्माकान-एने, म्हणजे बुर्माकान-आजी, काठी टेकत पुढे आल्या. त्या गुडघ्यांवर बसल्या, पातळ टोक चिमटीत धरून पाहिलं, शिंगांच्या कडेवरून नख फिरवलं, शिर्डाक उलटा करून टाके पाहिले. त्यात त्यांनी इतका वेळ घेतला की नुरिपाबाईंना खुर्चीतल्या पेशंटला काय वाटत असेल ते एकतीस वर्षांनी कळलं.

“हा विकतचा नाही,” म्हातारी शेवटी म्हणाली. “असा विकायला ठेवला तर दुकानदार मार खाईल.”

मग पडद्यामागून हसू आलं. नवरीने आवाज काढायचा नाही हे चोलपोनला माहीत होतं, पण तिला आवरलं नाही, ती खोखो हसत सुटली, आणि मग सगळी खोलीच हसली. काल्बुबू डोळे पुसत नुरिपाबाईंजवळ आल्या आणि कानाशी म्हणाल्या, “पांढरा उकळायचा राहिला ना? माझाही राहिला होता पहिल्या वेळी. मी रडले होते. तुम्ही आणून दाखवलात.” नुरिपाबाईंना उत्तर द्यायचं होतं, पण तोंड आपणहून मिटलं.

इकडे बुर्माकान-एनेंना उठवायला दोघी सुना गेल्या तर त्या उठेनात. बसल्या होत्या त्या आता आडव्या झाल्या होत्या, उताण्या, आणि टेकडी नेमकी त्यांच्या कमरेखाली आली होती.

“हात लावू नका,” त्या डोळे मिटून म्हणाल्या. “वीस वर्षांत कमरेला असं बरं वाटलं नाही. नव्या सुनेला तो सपाट द्या. हा माझा.”

बायका आता पुढे सरकल्या. घोड्यावरून पडून पाठ धरलेली एक जण आळीपाळीने झोपून पाहू द्या म्हणून म्हातारीशी वाद घालू लागली. दुसरीने नुरिपाबाईंचा हात धरला आणि आपल्यालाही असाच एक हवा, पण उंचवटा थोडा वर, खांद्यांच्या मधोमध, असं सांगितलं. तिसरीला गुडघ्यांखाली हवा होता. दारात उभ्या शारशेननी तुळया मोजायच्या थांबवल्या आणि ते बायकोच्या तोंडाकडे बघू लागले.

नुरिपाबाईंनी डोळे पुसले, पाठ ताठ केली आणि पर्समधून वही काढली.

“एकेकीने सांगा, आणि कुठे हवा ते नीट हात लावून दाखवा,” त्या म्हणाल्या. “अंदाजाने काम करायची मला सवय नाही.”